निम्माच गुण

काश्यपसंहिता या नावाने ओळखला जाणारा बालचिकित्सेचा जो प्राचीन ग्रंथ नेपाळात सापडलेल्या खंडित हस्तलिखितावरून १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला, त्याच्या खिलस्थानात आम्लपित्तावर एक स्वतंत्र प्रकरण आहे; आणि त्या प्रकरणात ग्रंथकाराने असे सांगितले आहे की हा व्याधी आनूप देशात, म्हणजे जेथे पाणी विपुल, भूमी ओली आणि झाडी दाट अशा मुलखात, विशेषेकरून आढळतो, त्यावर जांगल देशातील औषधी योजाव्यात, आणि तेवढ्यानेही गुण न आला तर रोग्याने तो देशच सोडून अन्यत्र जावे. आनूप देश म्हणजे काय हे ज्याला प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्याने गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील चोरखमारा या गावी यावे. डोंगरांच्या कुशीत पसरलेला तलाव, तलावापलीकडे नागझिऱ्याचे साग, बांबू, मोह आणि तेंदू यांचे रान, आणि अलीकडे पाऊस लागला की चिखलपाण्याने भरून जाणाऱ्या धानाच्या बांध्या, अशी या परिसराची ठेवण आहे. १९७० मध्ये नागझिरा अभयारण्य झाले, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, आणि आज चोरखमाऱ्याचे नाव बाहेरच्या लोकांना ठाऊक असते ते बहुधा त्या रानात शिरण्याच्या एका दरवाज्यामुळे.

कोहळी मंडळींनी गोंड राजवटीत आणि पुढे नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत बांधलेल्या तलावांनी आणि बोड्यांनी हा सारा मुलूख भरलेला असला तरी चोरखमाऱ्याचा तलाव त्या मानाने अर्वाचीन आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भयंकर दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाल्यावर, आणि १९०१ ते १९०३ या काळात बसलेल्या सिंचन आयोगाने या प्रांताकडे लक्ष वेधल्यावर, इंग्रजी सरकारने पाटबंधाऱ्यांची जी कामे हाती घेतली त्या मालिकेतले, विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणातले हे बांधकाम होय. परंतु पाण्याचा हिशेब ठेवण्याची येथील शिस्त त्याहून जुनी आहे. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यानंतर जो बंदोबस्त झाला त्यात मालगुजाराला गावाची मालकी मिळाली खरी, पण त्याबरोबरच वाजिब-उल-अर्ज नावाचा जो दस्तऐवज गावोगाव तयार झाला त्यात तलावाच्या पाण्यावर कोणाचा हक्क, निस्तार कोणाचा, कोणती रूढी पूर्वापार चालत आली आहे, हे कलमवार नमूद झाले. आणि तंटा उपस्थित झाला म्हणजे तोच कागद पुढे ठेवला जाई. १९५१ मध्ये मालगुजारी नष्ट झाली, ते न्याय्यच झाले. परंतु तलाव सरकारजमा झाल्यावर पाळीची दरसाल डागडुजी कोणी करावयाची हा प्रश्न पुष्कळ गावी अनुत्तरित राहिला आणि गाळाने भरलेले तलाव त्याची साक्ष आजही देतात. बांधणाऱ्याचे काम संपल्यावर राखणाऱ्याचे काम सुरू होते, ही गोष्ट या मुलखाला अनुभवाने ठाऊक आहे, आणि मला ज्या विषयावर लिहावयाचे आहे त्यात तिची पदोपदी आठवण येते.

तो विषय आम्लपित्ताचा, आणि विशेषतः त्यावरील शस्त्रक्रियेचा, आहे. छातीत जळजळ, घशाशी येणारे आंबट पाणी, रात्री झोपेत अचानक ठसका लागून उठून बसणे, या तक्रारी आमच्या या झाडीपट्टीत इतक्या सर्वत्र आहेत की त्यांना रोग म्हणावयासही लोक तयार नसतात; ‘पित्त झालं’ एवढ्या दोन शब्दांत त्यांची बोळवण होते. त्यांची कारणे या जीवनक्रमातच विखुरलेली आहेत. रोवणीच्या दिवसांत सकाळची भाकर किंवा पेज पोटात पडते न पडते तोच बाया कमरेत वाकून बांधीत उतरतात आणि संध्याकाळपर्यंत वाकलेल्याच असतात; आणि वाकलेल्या शरीरात जठरातील आम्लाला वर चढण्यास मोकळी वाट मिळते. पुरुषांचे रात्रीचे जेवण कामे आटोपल्यावर उशिरा, पोटभर भाताचे, आणि त्यावर लगेच अंथरूण. शिवाय गोंदिया-भंडारा हा विड्यांच्या कारखानदारीचा प्रदेश असल्याने विडी घरोघर पोचलेली, आणि अलीकडे तिची जागा खर्ऱ्याने घेतलेली. तंबाखू अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाचा स्नायू सैल करते हे वैद्यकाने सिद्ध केले आहे. काश्यपसंहिताकाराला यातले शरीरशास्त्र ठाऊक नव्हते, परंतु मुलूख आणि रोग यांचा संबंध त्याने जोडला, आणि देशत्यागाचा जो सल्ला दिला तो ज्याची बांधी तलावाखाली आहे त्या शेतकऱ्याने मानावा कसा, याचे उत्तर मात्र त्याच्यापाशी नव्हते.

चरक-सुश्रुतांनी या रोगाला स्वतंत्र अध्याय दिला नाही. तो दिला काश्यपाने आणि त्यानंतर माधवनिदानकाराने. माधवाने ऊर्ध्वग आणि अधोग असे त्याचे दोन प्रकार सांगून शेवटी जो निर्णय दिला आहे तो मला त्या सबंध प्रकरणातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो. रोग नवा असेल तर यत्नाने बरा होतो, जुना झाला की तो याप्य होतो, आणि एखाद्याच्या बाबतीत तो महत्कष्टाने साध्य होतो, असे तो म्हणतो. याप्य ही आयुर्वेदातील एक स्वतंत्र कोटी आहे: जो रोग समूळ जात नाही, पण पथ्य आणि औषध चालू असेपर्यंत आवाक्यात राहतो, आणि ते सुटले की पुन्हा डोके वर काढतो, तो याप्य. साध्य आणि असाध्य यांच्या मधोमध उभ्या असलेल्या या रोग्यासाठी शास्त्राने बाराशेहून अधिक वर्षांपूर्वी एक जागा राखून ठेवली होती, आणि त्या जागेवर बसणाऱ्यास कोणी अपयशी म्हणत नव्हते.

वैद्यांचे उपायही त्याला अनुरूप होते. योगरत्नाकरातील सूतशेखर, अविपत्तिकर चूर्ण, कामदुधा, आवळा, शतावरी ही औषधे महिनोन्‌महिने घ्यावयाची असत. घरगुती उपचारांत जिरे घातलेले ताक, ओवा, थंड दूध. आणि बाजार वाढला तसा चिमूटभर खायचा सोडा, मग इनो, मग जेलुसिल. या सर्वांनी घटकाभर आराम पडे, आणि बहुसंख्यांचे आयुष्य तेवढ्यावर निभावूनही जाई.

युरोपात या रोगाचे मूळ उलगडण्यास आश्चर्यकारक विलंब लागला. जठरातील आम्लाने अन्ननलिकेला व्रण पडू शकतो हे जर्मन वैद्य हाइनरिश क्विंके याने १८७९ मध्ये नोंदविले, स्वीडनच्या ऑकेरलुंड याने १९२६ मध्ये क्ष-किरणांच्या साह्याने हायटस हर्नियाचे, म्हणजे जठराचा काही भाग श्वासपटलाच्या छिद्रातून छातीत सरकण्याचे, प्रकार ठरविले, आणि न्यूयॉर्कच्या ॲशर विंकेलस्टाइन याने १९३५ मध्ये अन्ननलिकेचा दाह वर येणाऱ्या जठररसामुळे होत असावा असे प्रतिपादन केले. पण या तीन धाग्यांची गाठ घालण्याचे काम इंग्लंडातील लीड्स येथील शल्यविशारद फिलिप ॲलिसन यांनी १९५१ मध्ये केले. अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावरचा स्नायू आणि त्याभोवतीचा श्वासपटलाचा वेढा हे दोन्ही मिळून जो अडसर घालतात तो निखळला म्हणजे आम्ल वर येते, आणि त्यापासून दाह, व्रण आणि पुढे अन्ननलिकेचे आकुंचन होते, हे त्यांनी स्पष्ट केले, आणि सरकलेले जठर पुन्हा खाली ओढून ते छिद्र दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. शरीररचना जशी होती तशी पुन्हा बसविली की कार्यही पूर्ववत होईल, हा त्यामागचा विश्वास होता, आणि तो तर्कशुद्ध होता.

ॲलिसन पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले, त्यांची शस्त्रक्रिया देशोदेशी गेली, त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत आले. येथे बहुतेकांची कथा संपते. परंतु या गृहस्थाने आपले रोगी सोडले नाहीत. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया केली त्यांना तो वर्षानुवर्षे बोलावीत राहिला, तपासत राहिला, विचारीत राहिला. आणि वीस वर्षांचा हा लेखाजोखा त्याने १९७३ मध्ये, मृत्यूच्या केवळ एक वर्ष आधी, स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केला. चारशेंहून अधिक रोग्यांच्या त्या हिशेबात ४९ टक्के रोग्यांमध्ये हर्निया किंवा आम्लाचा उलटा प्रवाह परत आलेला आढळला. ज्या शस्त्रक्रियेवर आपली कीर्ती उभी आहे ती जवळजवळ निम्म्या लोकांत टिकली नाही, हे आपल्याच लेखणीने लिहून ठेवण्यास किती मनोधैर्य लागले असेल याची कल्पना करावी. शल्यशास्त्राच्या इतिहासात विजयाची स्मारके पुष्कळ आहेत. माझ्या दृष्टीने ॲलिसन यांचा हा ताळेबंद त्या सर्वांहून आदरणीय आहे. ज्यांना गुण आला नाही अशा त्या निम्म्या लोकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, पण ती माणसे एका प्रामाणिक दप्तरात दाखल झाली, आणि दाखल झाली म्हणूनच पुढच्यांना दुसरा मार्ग शोधण्याची निकड पटली.

दुसरा मार्ग तोपर्यंत निघालाही होता, आणि त्याचा जनक रुडॉल्फ निसेन हा शतकाच्या वादळांत देशोधडीला लागलेला माणूस होता. १८९६ मध्ये सायलेशियात जन्मलेला हा ज्यू शल्यविशारद बर्लिनमध्ये विख्यात झावरब्रुख यांचा सहकारी होता. १९३३ मध्ये हिटलरची सत्ता येताच त्याने जर्मनी सोडली आणि आतातुर्कच्या तुर्कस्तानात इस्तंबूलच्या विद्यापीठात आश्रय घेतला. तेथे १९३६ च्या सुमारास अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला व्रण झालेल्या एका तरुणावर शस्त्रक्रिया करताना त्याने तो भाग काढून टाकला आणि नव्या सांध्याला संरक्षण म्हणून जठराच्या भिंतीची घडी त्याभोवती लपेटली. पुढे तो अमेरिकेत गेला, आणि तेथे १९४८ च्या डिसेंबरात अल्बर्ट आइनस्टाइन यांच्या पोटातील फुगलेल्या महारोहिणीवर सेलोफेनचे आवरण चढविण्याची शस्त्रक्रियाही त्यानेच केली. वर्षांमागून वर्षे लोटल्यावर इस्तंबूलच्या त्या रोग्याची वार्ता त्याच्या कानी आली की त्याला आम्लदाहाचा मागमूसही नाही. सांधा सुरक्षित राहावा म्हणून घातलेल्या वेढ्याने आम्लाचा मार्गही रोखला, ही गोष्ट एका जुन्या रोग्याची चौकशी झाली नसती तर कधीच उघडकीस आली नसती. १९५५ मध्ये, आता स्वित्झर्लंडच्या बाझेल येथे प्राध्यापक असताना, निसेनने जठराचा वरचा घुमटासारखा भाग अन्ननलिकेच्या तळाभोवती सर्व बाजूंनी गुंडाळून टाके घालण्याची क्रिया केवळ आम्लदाहाच्या रोग्यावर बुद्धिपुरस्सर केली, आणि १९५६ मध्ये दोन रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध करताना लेखाच्या शीर्षकातच तिला साधी शस्त्रक्रिया म्हटले.

ती करावयास साधी होती. तिच्यासह जगणे तितके साधे ठरले नाही. निसेनचा वेढा आम्लाला अडवी, पण तो एकाच दिशेची वाहतूक अडविणारा नव्हता. वेढा घट्ट बसला तर घास छातीत अडकू लागे. गिळलेली हवा वर येईनाशी होऊन पोट नगाऱ्यासारखे ताणले जाई, ढेकर येत नसे, उलटी होऊ पाहिली तरी होत नसे. शेजारून जाणाऱ्या मज्जातंतूला इजा झाली तर जठर रिकामे होण्यास विलंब लागे. वेढा सैल पडला, सुटला किंवा जठरावर खाली घसरला तर मूळची जळजळ परत येई. म्हणून त्याची तऱ्हेतऱ्हेने दुरुस्ती झाली: फ्रान्समध्ये १९६२ मध्ये दोर यांनी पुढून आणि १९६३ मध्ये तुपे यांनी मागून अर्धवट वेढा सुचविला, अमेरिकेत १९७७ मध्ये डॉनह्यू यांनी तो ढिला ठेवण्याची रीत सांगितली, १९८६ मध्ये डीमीस्टर यांनी त्याची लांबी एका सेंटिमीटरवर आणली. प्रत्येक दुरुस्तीच्या मागे कोणी तरी तक्रार करणारा रोगी आहे, आणि त्याची तक्रार खरी मानणारा एक वैद्य आहे. १९७९ मध्ये अँजेलचिक नावाचे सिलिकोनचे कडे अन्ननलिकेभोवती बसविण्याची टूम निघाली. ती झटपट होती म्हणून लोकप्रिय झाली, पुढे कडी जागा सोडून सरकू लागली, ऊतींत रुतू लागली, आणि पुष्कळांच्या शरीरातून ती पुन्हा काढावी लागली. त्या प्रकरणात उत्साह आधी आला आणि हिशेब मागून.

याच सुमारास औषधांनी मोठी मजल मारली. सर जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निघालेले सिमेटिडिन १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये आणि जठरातील आम्लाची निर्मितीच रोखणारे ओमेप्राझोल १९८८ मध्ये स्वीडनमध्ये बाजारात आले, आणि १९७० च्या पेटंट कायद्याने मोकळीक दिल्यामुळे भारतीय कंपन्यांनी ते स्वस्तात बनवून तिरोड्याच्या औषधाच्या दुकानापर्यंत पोचविले. आता शस्त्रक्रिया मागे पडणार असे वाटत असतानाच दुर्बिणीचे तंत्र आले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये भारतातील पहिली दुर्बिणीद्वारे पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली, बेल्जियमच्या डालमान यांनी १९९१ मध्ये निसेनची शस्त्रक्रिया त्याच पद्धतीने केल्याचे जाहीर केले, आणि पोट उघडण्याचे भय गेल्यामुळे जिला पूर्वी अगदी निरुपाय झाल्यावरच कोणी तयार होई ती क्रिया मोठ्या शहरांतून सर्रास होऊ लागली. व्रण लहान झाला. आतले काम मात्र तेच राहिले.

हिशेब कोणी मागितला तर तो असा आहे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत स्टुअर्ट स्पेक्लर यांनी केलेल्या तुलनेत १९९२ साली शस्त्रक्रिया औषधांहून सरस ठरली होती. पण त्याच रोग्यांचा सुमारे दहा वर्षांनी शोध घेऊन २००१ मध्ये जो वृत्तांत निघाला त्यात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ६२ टक्के लोक पुन्हा नियमितपणे आम्लविरोधी औषधे घेत असल्याचे आढळले. स्वीडनमध्ये दुर्बिणीने शस्त्रक्रिया झालेल्या २,६५५ रोग्यांचा मागोवा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात १७.७ टक्क्यांमध्ये रोग परतला होता, आणि त्यांतील बहुतेक दीर्घकाळ औषधांवर होते. स्पेक्लर यांचाच २०१९ मधील अभ्यास मला सर्वांत उद्बोधक वाटतो. औषधांनी जळजळ थांबत नाही म्हणून आलेल्या ३६६ लोकांना आधी गोळी योग्य वेळी, जेवणापूर्वी, घेण्यास शिकविले, तेवढ्यानेच ४२ जणांना आराम पडला. कसून तपासणी केल्यावर ९९ जणांची जळजळ आम्लामुळे किंवा अन्ननलिकेच्या कोणत्याही दृश्य विकारामुळे नाहीच असे निघाले. २३ जणांना अन्ननलिकेचे निराळेच रोग होते. आणि नकार देणारे, मध्येच गळालेले किंवा निकषांत न बसणारे वगळता अखेर शस्त्रक्रिया की औषध या चाचणीला योग्य असे ७८ उरले. त्या निवडक लोकांत शस्त्रक्रियेचे यश ६७ टक्के होते, आणि औषधांचे त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे योग्य माणूस निवडला तर ही शस्त्रक्रिया खरोखरच मोठा दिलासा देते, आणि इतक्या काळजीने निवडूनही तीन माणसांतले एक निराश होते. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे, आणि शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला ही दोन्ही वाक्ये ऐकविली गेली पाहिजेत.

आपल्याकडे ती ऐकविली जातात काय? भारतीय जठरांत्रविज्ञान संस्थेच्या एका कार्यगटाने, ज्यात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. शोभना भाटिया अग्रभागी होत्या, २०११ मध्ये या रोगाचे प्रमाण ७.६ टक्के असल्याचे दाखविले. म्हणजे रोगाची गणती झाली आहे. परंतु चोरखमाऱ्यासारख्या गावातून जो मनुष्य तिरोड्याला, तेथून गोंदियाला आणि तेथून रेल्वेने नागपूरला जातो, शस्त्रक्रिया करवून घेतो, टाके निघेपर्यंत एकदोनदा दाखवून येतो आणि मग आपल्या बांधीत परततो, त्याला पाच वर्षांनी कोणी पत्र पाठवून विचारले आहे असे माझ्या ऐकिवात नाही. या ओळी लिहिणारा त्याच माणसांतला आहे. मला कोणावर दोषारोप करावयाचा नाही. ज्यांनी माझ्यावर शस्त्रक्रिया केली त्यांनी ती काळजीने केली याविषयी मला शंका नाही. रात्रीचा ठसका थांबला, आंबट पाणी तोंडात येणे जवळजवळ बंद झाले; पण घास अडकतो, पोट फुगते, गोळी सुटलेली नाही. निम्मा गुण आला.

हा निम्मा गुण समाजात सांगणे फार कठीण असते. ‘ऑपरेशन झालं ना, मग आता काय?’ हा प्रश्न प्रेमानेच विचारला जातो, आणि त्याला उत्तर नसते. आपल्याकडे जेवणानंतरची ढेकर ही यजमानाला दिलेली पावती असते. जिला ढेकर येतच नाही त्या बाईने सोयऱ्यांच्या पंगतीतून उठताना काय करावे? आग्रहाने वाढलेल्या भाताला नको म्हणणे हा अपमान ठरतो, आणि नको न म्हणणे ही रात्रभराची शिक्षा. रोवणीला न वाकणारी सून आळशी ठरते. बाजेच्या उशाकडील पायांखाली विटा घालून ती उंच केली की शेजारीपाजारी त्याची चर्चा होते. आणि मनात सतत एक विचार टोचत राहतो, की माझ्याच पथ्यात काही उणे राहिले असेल, मीच घाईने होकार दिला असेल, म्हणून हे असे झाले. ॲलिसन यांच्या दप्तरातील ४९ टक्के लोकांनाही कदाचित असेच वाटले असेल. ते निम्मे आहेत हे त्यांतल्या प्रत्येकाला कोणी सांगितले नव्हते.

म्हणून माधवाची ती मधली कोटी मला आज पुन्हा वापरात यावी असे वाटते. शस्त्रक्रियेनंतर उरलेला रोग पुष्कळदा याप्य असतो. त्याची राखण करावी लागते: थोडे थोडे आणि सावकाश चावून खाणे, दिवस मावळण्याच्या सुमारास जेवण उरकणे आणि त्यानंतर दोन-तीन तास आडवे न होणे, अंथरूण उशाकडून उंच ठेवणे, वजन आटोक्यात आणणे, विडी-खर्रा सोडणे, सोडा घातलेली फसफसणारी पेये टाळणे, आणि गोळी मनानेच सुरू किंवा बंद न करणे. गिळणे दिवसेंदिवस कठीण होत असेल, वजन घटत असेल, उलटीतून रक्त किंवा शौचास काळे होत असेल तर हे याप्य म्हणून सहन करावयाचे नाही. तेव्हा लगेच रुग्णालय गाठावे. आणि दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेचा विचार निघाला तर, ती पहिलीहून अवघड असते आणि तिचे यशही पहिलीहून कमी असते हे ध्यानात ठेवून, एंडोस्कोपी, बेरियमची क्ष-किरण तपासणी, अन्ननलिकेतील दाबाचे मापन आणि चोवीस तासांची आम्लमापनाची नळी या चारही तपासण्या झाल्याशिवाय तिला होकार देऊ नये. १९७४ पासून जॉन्सन आणि डीमीस्टर यांच्या मोजणीमुळे आम्ल खरोखर वर येते की नाही हे आकड्यांत सांगता येते. तरीही केवळ रोग्याच्या सांगण्यावरून वेढा घालण्याचे धाडस होत असेल तर ते थांबले पाहिजे.

नागपूरचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९४७ पासून चालू आहे, गोंदियाचे २०१६ मध्ये सुरू झाले. या दोन्ही ठिकाणी, तसेच खासगी रुग्णालयांत, या शस्त्रक्रियेच्या रोग्यांची एक साधी नोंदवही ठेवणे अशक्य नाही: कोणावर, केव्हा, कोणत्या तपासण्यांनंतर शस्त्रक्रिया झाली, आणि एका, पाच व दहा वर्षांनी तो मनुष्य काय खातो, काय गिळू शकतो, कोणती गोळी घेतो. गावातील आशा कार्यकर्तीने फोनवरून विचारले तरी हे काम होण्यासारखे आहे. ज्या मुलखात तलावाच्या पाण्यावरचा हक्क कलमवार लिहून ठेवला जाई, त्या मुलखात शरीरावर झालेल्या कामाचा पुढचा हिशेब कोणीही लिहू नये, ही गोष्ट मला लांच्छनास्पद वाटते. ज्यांना पूर्ण गुण आला त्यांनी तो अवश्य सांगावा. ज्यांना निम्मा आला, किंवा मुळीच आला नाही, त्यांनी लाजून गप्प बसू नये. आपले कागदपत्र जपून ठेवावेत, ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना आपली स्थिती लेखी कळवावी, आणि त्या डॉक्टरांनी ते पत्र तक्रार न समजता नोंदवहीत दाखल करून घ्यावे, अशी माझी दोघांनाही हात जोडून विनंती आहे.